शेंबडीचा फुगा

आमचे संपादक थुंकी लावून पानं उलटतात. छापलेलं पुस्तक असो की माझं हाताने काढलेलं मूळ चित्र, अंगठा आधी जिभेवर जातो, मग कागदाच्या कोपऱ्यावर. जीभ जराशी बाहेर येते, अंगठा तिच्यावर लोळतो, आणि मी दुसरीकडे बघते. दुसरीकडे म्हणजे खिडकीकडे. तिथे त्यांचा आदल्या दिवशीचा चहाचा कप असतो आणि त्यात माशी असते. म्हणजे त्या खोलीत डोळे ठेवायला जागा अशी नाहीच.

माझी शाई पाण्याने पसरते. न पसरणारी मिळते, पण ती ब्रशचे केस खाते, म्हणून मी वापरत नाही. त्यामुळे संपादकांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक करडा ओघळ असतो, अंगठ्याच्या रेषांसकट. घरी आले की मी तो कोपरा कात्रीने कापून टाकते. नवरा म्हणतो, "फ्रेम करायची म्हटली तर तुझ्या एकाही चित्राला धड चार कोपरे नाहीत."

एकदा मी धीर करून सांगितलं होतं. "सर, थुंकीने शाई पसरते."

"हो का," ते म्हणाले. "जपायला हवं." आणि अंगठा चाटून पुढचं पान उलटलं.

त्यांचं लहान मुलांचं मासिक आहे. त्याचं शेवटचं पान माझं, आणि त्या पानावर शेंबडी असते.

शेंबडी माझी आहे, म्हणजे कुणाचं बघून काढलेली नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझं बाकीचं काम बघूनच काढलेलं असतं. टीव्हीवर एक परी येते. पंखवाली, बशीएवढ्या डोळ्यांची, जांभळ्या केसांची. आमच्या भागातल्या लहान मुलींना वाढदिवसाला तीच लागते. सजावटीच्या दुकानासाठी मी तिला पुठ्ठ्यावर काढते, फलकावर काढते, कागदी टोप्यांवर काढते. याला फॅन आर्ट म्हणतात. दुसऱ्याने जन्माला घातलेलं पात्र आपण प्रेमापोटी आपल्या हाताने काढायचं. माझ्या बाबतीत प्रेमाची बाजू दुकानदार सांभाळतो.

त्या परीच्या नाकाला भोकं नाहीत. माझ्या हे लक्षात आलं आणि मग ते डोक्यातून जाईना. पापण्यांचा एकेक केस दाखवलाय, ओठांवर चमक दाखवलीय, आणि नाकाच्या जागी पिठाच्या गोळीसारखा एक फुगवटा. ही बाई श्वास कुठून घेते? एका फलकावर मी तिला दोन बारीक ठिपके दिले, अगदी दिसतील न दिसतील असे. दुसऱ्याच दिवशी दुकानदाराने फलक परत आणला.

"ताई, हिला सर्दी झाल्यासारखी वाटते."

"नाक आहे म्हटल्यावर भोकं असणारच ना."

"असतील हो. पण गिऱ्हाइकाला कशाला दाखवायची? केकच्या मागे उभी राहणार ती."

मी पांढरा रंग घेऊन भोकं बुजवली. बुजवताना मलाच कोंडल्यासारखं झालं.

आता माझ्या लेकीबद्दल. तिला घरात बिट्टी म्हणतात. बिट्टीचं नाक वाहतं. पाऊस नको, गारवा नको, ते आपलं वाहतच असतं. डॉक्टर म्हणतात, वजन वाढतंय, खेळतेय, मग वाहू दे की. त्यांचं काय जातं, त्यांना दिवसभर बघायचं नसतं. मला त्याचे सगळे रंग ओळखू येतात, रंग ओळखणं हाच माझा धंदा. सकाळी पाण्यासारखा, दुपारी डिंकासारखा, आणि एखादा दिवस वाईट असला की कडेला शेवाळाची छटा. जिभेने ती तो वरच्या ओठावरून ओढून घेते तेव्हा माझ्या पोटात ढवळतं. आईला लेकराची घाण वाटत नाही असं सगळे म्हणतात. मला वाटते. दारांच्या मुठींची वाटते, लिफ्टच्या बटणांची वाटते, तिच्या बालवाडीतल्या त्या सामायिक प्लास्टिकच्या ठोकळ्यांची तर इतकी वाटते की तिला घरी आणलं की आधी बाथरूममध्ये उभी करते.

सासूबाईंची पद्धत वेगळी. त्या रुमालाचं टोक तोंडात घालतात, ओलं करतात आणि त्याने बिट्टीचं तोंड पुसतात. मी बघते आणि मागून वाइप्सचं पाकीट घेऊन जाते. त्यांच्या थुंकीवर माझा वाइप. बिट्टी दोघींच्या मधे भिंतीसारखी उभी राहते. नाकाखाली तिच्या कायम एक लाल पट्टी. मला वाटायचं, सर्दीनेच कातडी सोलवटतेय. म्हणून मी आणखी पुसायची.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता तिच्या डाव्या नाकपुडीतून फुगा आला. चांगला लिंबाएवढा. खिडकीचा उजेड त्यातून आरपार जात होता. मी वाइप घ्यायला हात पुढे केला, घशाशी आंबट आलं होतं, आणि हात तसाच थांबला. कारण चित्रकथेत पात्राचं बोलणं ज्यात लिहितात त्यालाही आम्ही फुगाच म्हणतो.

शेंबडी तिथे झाली. शेंबडीचं तोंड नेहमी बंद असतं, हट्टी, एका सरळ रेषेचं. ती बोलते नाकातून. डाव्या नाकपुडीतून एक जाड रेष खाली उतरते, ओठावर थांबते, तिथून फुगा फुगतो आणि तिचे शब्द त्या फुग्यात असतात. रागावली की फुगा मोठा. कुणी मोठ्या माणसाने खोटं बोललं की फुगा फुटतो आणि शब्द त्या माणसाच्या अंगावर उडतात. मग तो पुसत बसतो. एवढीच गंमत. नाकाची ती रेष मी एकदाच ब्रश टेकवून काढते. दुसऱ्यांदा हात लावला की ती मिशी दिसायला लागते.

कागदावर मला तिची किळस येत नव्हती. खरं तर यायची, पण ती बघवत होती. जगात एवढी एकच नाकपुडी होती जी मला पुसावीशी वाटत नव्हती.

मुलांना शेंबडी आवडली. आयांना नाही. संपादकांकडे तक्रारी येत, पण अंक खपत होते, म्हणून ते गप्प होते. मग एके दिवशी त्यांचा फोन आला.

"बाई, पुस्तक करूया. फक्त तुमच्या पात्राचं. जाड कागद, सगळी रंगीत पानं."

मी ओट्याशी उभी होते, तिथेच खाली बसले. शेवटच्या पानावरून पुस्तकात जाणं काय असतं हे पुठ्ठ्याच्या पऱ्या काढणाऱ्या बाईलाच कळेल.

"एक छोटीशी अट आहे," संपादक म्हणाले. "वाइप्स बनवणारी एक कंपनी आहे, छपाईचा भार ते उचलणार. त्यांना फक्त ते जरा पुसून हवंय."

"काय पुसून?"

"ते हो. तुम्हाला माहितीये. ते."

"नाकाचं?"

"हां. आणि नाव बदलू. गोजिरी. गोजिरी छान वाटतं."

"सर, नाक पुसलं तर ती बोलणार कशी? तिचा फुगाच नाकातून येतो."

"तोंडातून काढा की. अख्खं जग तोंडानेच बोलतं, बाई."

नवऱ्याला सांगितलं तर तो खूश झाला. जेवताना म्हणाला, "मग अडलंय कुठे? पुसून टाक. नाहीतरी दिवसभर तू तेच करतेस."

"ते बिट्टीचं आहे. हे वेगळं आहे."

"वेगळं कसं? खऱ्या पोरीचं एक टिपूस राहू देत नाहीस आणि कागदावरचीचा एवढा पुळका."

सासूबाई ताटातून वर न बघता म्हणाल्या, "मी तर आधीपासून सांगतेय, पोरीचं नाक चव्हाट्यावर मांडू नये. उद्या तिला कळलं म्हणजे?"

तिला केव्हाच कळलेलं होतं. अंक आला की ती शेवटचं पान उघडून आधी शेंबडीच्या नाकावर बोट ठेवायची आणि मग स्वतःच्या.

पण पुस्तक सोडवत नव्हतं, म्हणून मी गोजिरीच्या नमुन्याची पानं काढायला बसले. आधी एक छोटी गोष्ट, आणि शेवटी मुखपृष्ठासाठी पानभर एकच चेहरा. तो चेहरा मी अर्ध्या दुपारात काढला, इतक्या सहज माझा हात कधी चालत नाही. संपल्यावर मागे सरून बघितलं आणि हात का चालला ते कळलं. हात सवयीने परीकडे वळला होता. डोळे जरा मोठे झाले होते, पापण्या होत्या त्याहून लांबल्या होत्या, हट्टी तोंड उघडून हसरं झालं होतं, आणि त्या तोंडाला एक शेपटीवाला गुळगुळीत फुगा लटकवलेला, त्यात लिहिलेलं, 'मी गोजिरी.' नाकाखाली कोरी जागा. नाकाला भोकं काढायची मीच विसरले होते.

बुळबुळीत चिकट काहीतरी हाताला लागावं आणि कशाला पुसावं ते कळू नये, तसं झालं मला. बिट्टीच्या नाकाने इतकं कधी ढवळलं नव्हतं.

बिट्टी खुर्चीवर चढून बघायला लागली.

"ही कोणे?"

"शेंबडीच. नाक पुसलंय तिने."

"मग बोलत का नाही?"

"बोलतेय की. हे बघ, 'मी गोजिरी.'"

तिने बराच वेळ त्या फुग्याकडे बघितलं. मग मान हलवली. "नाही बोलत."

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. परीच्या पंखांना चमकी कमी पडलीय म्हणत होता, फोनवर रेंज येत नव्हती, मी बाल्कनीत गेले. आले तेव्हा बिट्टी खुर्चीवरून खाली उतरत होती, अगदी समाधानी, एखादं काम हातावेगळं केल्यासारखी.

"झाली," ती म्हणाली.

"काय झाली?"

आणि खेळायला गेली. मी पान वरून बघितलं, शाई कुठे पुसली नव्हती, पेन्सिलच्या रेघोट्या नव्हत्या. सगळी पानं एकावर एक लावून फोल्डरमध्ये ठेवली. मग सवयीने वाइप घेऊन तिच्या मागे गेले. पण तिचं नाक कधी नव्हे ते कोरडं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी तिचा पापा घेतला.

दुसऱ्या दिवशी संपादकांच्या खोलीत कंपनीच्या बाई आल्या होत्या. अंगावर इतकं अत्तर की कपातली माशीही त्या दिवशी दिसली नाही. येताना त्यांनी पाकिटं आणली होती, टेबलावर त्यांचा छोटा मनोरा रचला होता. घरी आमच्याकडे असतात तीच. पाकिटावर एक बाळ हसत होतं. मी जवळून बघितलं. त्याच्याही नाकाला भोकं नव्हती.

"आमचा एकच मुद्दा आहे," बाई म्हणाल्या. "पालकांना स्रावाचं दृश्य नकोय."

"कशाचं?"

"नासिकेच्या स्रावाचं."

संपादकांनी समजूतदारपणे मान हलवली. "ते. ते पूर्ण काढलंय बाईंनी. बघा तुम्ही."

अंगठा जिभेवर गेला. पहिलं पान उलटलं. पुन्हा जीभ, दुसरं पान. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ओघळ उमटत होता आणि मी मनातल्या मनात कात्री चालवत होते. बाई प्रत्येक पानाला "छान, स्वच्छ" म्हणत होत्या. मग शेवटचं पान आलं. पानभर चेहरा. संपादकांनी ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, आणि गोजिरीच्या नाकाखाली काहीतरी चमकलं.

मी खुर्चीत पुढे सरकले.

डाव्या बाजूने सुरू होऊन ओठापर्यंत आलेली एक पारदर्शक रेष होती. वाळलेली, किंचित उठलेली. ओठावर तिची गोल टिकली झाली होती, आणि टिकलीला कडेने डिंकाचा पिवळा. दुपारचा रंग. हा रंग मी झोपेतही ओळखला असता. जिथून रेष निघायला हवी बरोबर तिथूनच निघाली होती, मी न काढलेल्या भोकाच्या जागेवरून. आणि एकदाच बोट टेकवून ओढलेली होती. दुसऱ्यांदा हात लावलेला नव्हता.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं ते.

"वा," कंपनीच्या बाई म्हणाल्या. "इथे वार्निश लावलंय का?"

संपादकांनी पान जवळ घेतलं. "उठावदार आहे हो. हाताला लागतं." त्यांनी त्या टिकलीवरून अंगठा फिरवला, मागे आणि पुढे, कापडाचा पोत बघतात तसा. "मेहनत आहे यात."

मग त्यांना आधीच्या एका पानावर काहीतरी दाखवायचं होतं. चेहऱ्याचं पान त्यांनी खाली ठेवलं आणि अंगठा जिभेवर नेला.

या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही.

जीभ बाहेर आली, अंगठा तिच्यावर नेहमीसारखा लोळला, जरासा रेंगाळलासुद्धा. ते पानं चाळत राहिले. "हे बघा, इथे बागेतल्या चित्रात तशी चमक नाही. इथेही हवी." पुन्हा अंगठा, पुन्हा जीभ.

"मला काय वाटतं," बाई म्हणाल्या, "हीच आपली खूण करूया. पुसलेल्या जागेवर स्वच्छतेची चमक. छापताना तेवढ्याच भागावर असा चकचकीत थर देता येईल ना?"

"का नाही येणार."

"म्हणजे मुलं बोट फिरवून बघतील. पुस्तकभर, प्रत्येक पानावर. आणि मागे आमचं पाकीट. मला वाटतं आपण नक्की करून टाकू."

संपादक माझ्याकडे बघून हसले. माझ्याकडे बघून ते असे पूर्वी कधी हसले नव्हते. दातांना चहाचा रंग होता. "बाई, बोला काहीतरी. आनंदाने वाचा बसली का?"

गप्प बसले असते तर पुस्तक झालं असतं. एवढंच करायचं होतं. घरी जाऊन ते पान ओल्या बोळ्याने पुसायचं, त्या जागेवर खरं वार्निश लावायचं, आणि कुणाला काही कळलं नसतं. गोजिरी जाड कागदावर, सगळ्या रंगांत, दुकानाच्या काचेत उभी राहिली असती. मी सुरुवातही केली होती. मान हलवली होती. तोंडावर हसू आणलं होतं. तेव्हा जाणवलं की हे हसू मी आदल्या दिवशीच काढलंय, शेपटीवाल्या फुग्यासकट.

संपादकांचा अंगठा पुन्हा वर निघाला.

"सर, ते वार्निश नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

"फॅन आर्ट आहे."

"म्हणजे?"

"माझ्या लेकीने काढलंय. तिला चेहरा अपुरा वाटला. शेंबूड आहे तो."

या शब्दासाठी त्या खोलीत आत्तापर्यंत 'ते' होतं आणि 'स्राव' होता. संपादक आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी त्यांच्या हाताला येऊन चिकटलाय. त्यांची जीभ अजून किंचित बाहेर होती. ती आत घ्यावी की बाहेरच ठेवावी हे त्यांना ठरवता येईना.

"कधीचा?" त्यांनी विचारलं.

"कालच्या दुपारचा."

ते उठले. पलीकडच्या मोरीत नळ जोरात सुरू झाला आणि मग खळाखळा गुळण्या ऐकू यायला लागल्या, मधे मधे घसा खरवडल्याचा आवाज. फार खोलवरून खरवडत होते. मजा वाटायला हवी होती, पण मला ते ऐकवेना.

कंपनीच्या बाईंनी ते पान हातात घेतलंच नव्हतं, पण खुर्ची मागे सरकवून बोटं मात्र झटकत होत्या. मी मनोऱ्यातलं वरचं पाकीट फाडून त्यांच्यापुढे धरलं. "हे घ्या ना."

"नको, नको, आमचे नको," त्या पटकन म्हणाल्या. "मला चुरचुरतात." आणि पर्समधून साधा, सुती, घडी केलेला रुमाल काढून बोटं पुसायला लागल्या.

बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. रुमाल जरा थांबला. मग त्या म्हणाल्या, "माझी त्वचा नाजूक आहे. सगळ्यांना नाही होत तसं."

"बाळांना?"

"बाळांसाठीच तर आहेत ते."

माझ्या हातात उघडं पाकीट होतं. त्याला फुलांचा वास येत होता, घरात येतो तोच. मला बिट्टीच्या नाकाखालची लाल पट्टी दिसली. आणि ती दोघींच्या मधे उभी राहताना डोळे घट्ट मिटून घेते, ते. मी पाकीट परत मनोऱ्यावर ठेवलं आणि हात कशालाच न पुसता मांडीवर ठेवले.

संपादक ओली हनुवटी घेऊन आले. डोळे लाल झाले होते.

"बाई, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"नाही सर. ती चार वर्षांची आहे. शेंबडी आता तोंडाने बोलते हे तिला पटलं नाही."

"ठीक आहे. झालं ते झालं." त्यांनी कंपनीच्या बाईंकडे बघत आवाज खाली आणला. "दुसरं काढून आणा. स्वच्छ. हा विषय इथेच संपला."

"नाही आणणार."

"काय?"

"शेंबडी हवी असेल तर आणते. गोजिरी मला जमत नाही. तिचं नाकच काढता येत नाही मला."

"पुस्तक जाईल."

"हो."

"पुस्तक सोडा. आयांची पत्रं मी किती दिवस झेलायची? शेवटच्या पानावर कोडी टाकीन मी. कोड्यांची कुणाला किळस येत नाही."

"टाका, सर."

कंपनीच्या बाई घड्याळ बघत उठल्या आणि "आपण फोनवर बोलू," असं कुणाकडेच न बघता म्हणून गेल्या. पाकिटांचा मनोरा राहिला. संपादक माझी पानं गोळा करायला लागले. सवयीने त्यांचा अंगठा वर आला, ओठांपाशी पोचला आणि तिथे थांबला. मी बघत होते. अंगठा तसाच हवेत राहिला आणि मग सावकाश खाली आला. त्यांनी दोन्ही तळहातांनी पानं ढकलत ढकलत फोल्डरमध्ये सरकवली, कोरडी. शेवटचं तर नखाने लोटलं.

घरी आले तेव्हा सासूबाई बिट्टीला घेऊन दारातच उभ्या होत्या.

"काय झालं पुस्तकाचं?"

"नाही झालं. शेवटचं पानही गेलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून जरा नरमल्या. "म्हणजे, होईल दुसरं." आणि रुमालाचं टोक तोंडाकडे नेलं, कारण बिट्टीचं वाहत होतं.

"आई, थुंकी लावू नका."

"आमची पोरं याच्यावरच वाढली. तुझा नवरापण."

"म्हणूनच सांगतेय."

त्या हसल्या नाहीत, पण रुमाल खाली गेला. मी आत जाऊन घरातली वाइप्सची पाकिटं कचऱ्यात टाकली. नवऱ्याचा जुना मऊ बनियन फाडून, उकळून, वाळत घातला. मग हात धुतले, साबणाने, कोपरापर्यंत. दुकानदाराचा निरोप येऊन पडला होता, परीचे आणखी फलक हवेत, भोकं नकोत हे त्याने या वेळी आधीच लिहिलं होतं. हो म्हणून कळवलं. पऱ्या तर काढाव्या लागतीलच.

बिट्टी फोल्डर उघडून बसली होती. पानभर चेहरा तिने जमिनीवर पसरला. नाकाखालची टिकली संपादकांच्या अंगठ्याने अर्धी सपाट झाली होती. आता ते पान पुसावं तर पुसवेना, आणि हात लावायचा म्हटलं तरी अंगावर काटा येत होता. बोटांच्या टोकांनी कडेला धरून मी ते वर उचललं. बाकीच्या पानांचे कोपरे कापायचेच होते. याला चारही होते.

"बघितलं त्यांनी?" बिट्टीने विचारलं.

"बघितलं."

"आवडलं?"

"एका बाईंना फार आवडलं. आणि एका आजोबांनी तर चाटून बघितलं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतेय का हे ती शोधत होती, भुवया जवळ आणून, तोंड एका सरळ रेषेत बंद करून. मग तिला खरं वाटलं असावं. सगळा चेहरा नाकाशी गोळा झाला.

"शी," ती म्हणाली, आणि डाव्या नाकपुडीतून फुगा आला.

माझ्या घशाशी आलं. मी गिळलं, कोरा कागद ओढला आणि तो फुटायच्या आत ब्रश शाईत बुडवला.